खोडव्याचं व्याख्यान

ऊस तोडून नेला की रानात बुडखे उरतात. नवी लागण न करता त्याच बुडख्यांना फुटून येतो तो खोडवा. खोडवाही तोडला आणि पुन्हा तसाच फुटू दिला की निडवा. बेण्याचे पैसे वाचतात, नांगरट वाचते, पीक लवकर हाताशी येतं. फक्त एकरी टन दर खेपेला उतरत जातात. सांगली-साताऱ्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. व्याख्यानाचंही असंच असतं, हे मात्र इथल्या वक्त्यांना पुष्कळदा उमगत नाही.

एखादा विषय जमतो. शिवचरित्रातला एखादा प्रसंग, कर्मवीर भाऊराव पाटील, पालकत्व, व्यसनमुक्ती, काहीही. पहिल्या गावात टाळ्या पडतात, तिथले मुख्याध्यापक आपल्या मेव्हण्याच्या गावात नाव सुचवतात, आणि बघता बघता तेच भाषण साठ-सत्तर ठिकाणी होतं. वक्त्याला वाटतं आपण वाढतोय. वाढत असतो तो गावांचा आकडा, रान तेच असतं. पुस्तक म्हणजे आडसाली लागण. जुलै-ऑगस्टात लावायची आणि सोळा-अठरा महिने थांबायचं. एकाच रानात ही दोन्ही पिकं कशी बसवायची, हा लेखक-वक्ता होऊ पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न. प्रतिभा वगैरे मागाहून.

आधी वर्ष मांडून बघावं. भाद्रपदात गणेश मंडळं बोलावतात. २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती, तेव्हा त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांत वक्ता हवा असतो. नवरात्रात शारदीय व्याख्यानमाला, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २५ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं आणि एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांची शिबिरं, ज्यात दुपारी जेवून पेंगुळलेल्या मुलांसमोर ‘बौद्धिक’ घ्यायचं असतं. ३ जानेवारीला सावित्रीबाई. नायगाव खंडाळा तालुक्यातलं, त्यामुळं सातारा जिल्ह्यात त्या दिवशी मागणी जास्त. १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी येतात आणि नवे वक्ते हमखास दोन गावांना होकार देऊन बसतात. मग भाषा पंधरवडा, १९ फेब्रुवारी, २७ फेब्रुवारी, ८ मार्च, १४ एप्रिल, आणि मे महिन्यातल्या वसंत व्याख्यानमाला. या वसंताची परंपरा पुण्याची, न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली. आता ती तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे.

आणि मग जून. पेरण्या, शाळांचे प्रवेश, पाऊस. फोन बंद. जून ते ऑगस्टचा मध्य हे अडीच महिने लिहायचे, आणि ते कुणाला द्यायचे नाहीत. अडचण एवढीच की दिवाळी अंकांचे संपादकही याच दिवसांत मजकूर मागतात. दिवाळी अंकाला होकार देणं वाईट नाही. १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून मराठीत नवा लेखक माहीत होण्याची ती मोठी वाट आहे. पण दोनच अंकांना द्यावं, आणि द्यायचं ते पुस्तकातलंच एखादं प्रकरण. सात अंकांना सात वेगळे विषय लिहून देणाऱ्याचं पुस्तक त्या वर्षी होत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण याबद्दल व्यासपीठावर कुणी बोलत नाही. १६० पानांचं डेमी आकाराचं पुस्तक, किंमत २५० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची. रॉयल्टी बहुधा छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे प्रतीमागं २५ रुपये. सगळी आवृत्ती संपली तर साडेबारा हजार, तेही एकदम नव्हे, विक्रीच्या हिशेबानं दोन-तीन वर्षांत. दीड वर्षाच्या कामाचे हे पैसे. आता दुसरा हिशेब. करारात लेखकाला चाळीस टक्के सवलतीनं प्रती मिळतील असं घालून घेतलं, तर प्रत १५० ला पडते. व्याख्यानानंतर ती २०० ला दिली की ५० रुपये सुटतात, रॉयल्टीच्या दुप्पट. किंमत २२५ ठेवू नये, सुट्ट्या पैशांत वेळ जातो आणि माणूस परत फिरतो. टेबल मंचाजवळ नको, बाहेर पडायच्या दाराशी हवं. क्यूआर कोडचा फलक उभा, डोळ्याच्या उंचीवर. टेबलावर दुसरं कुणीतरी बसलेलं असावं, कारण त्या पंधरा मिनिटांत वक्ता सेल्फीत अडकलेला असतो.

मानधनाचं म्हणाल तर ‘पाकीट’ ही प्रथा गोड वाटते आणि महाग पडते. ते उघडायचं घरी, आणि तेव्हा बोलण्यासारखं काही उरत नाही. सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरचं डिझेल, टोल, एक जेवण आणि गेलेला दिवस मांडला, तर दोन हजारांच्या पाकिटात वक्ता स्वतःच्या खिशातून भाषण देऊन आलेला असतो. म्हणून फोनवर होकार द्यावा आणि लगेच व्हॉट्सअॅपवर सात ओळी पाठवाव्यात: तारीख, प्रत्यक्ष बोलायची वेळ, विषय, श्रोते कोण आणि किती, मानधन आणि प्रवासखर्च वेगवेगळे, ध्वनिव्यवस्था कुणाची, चित्रीकरण होणार का आणि ते कुठं टाकणार. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. भाषण पूर्ण यूट्यूबवर गेलं की शेजारच्या तालुक्यातला आयोजक म्हणतो, ‘सर, हे आमच्याकडं सगळ्यांनी ऐकलंय.’ दहा मिनिटांचा तुकडा टाकायला द्यावा, अख्खं भाषण नाही. पैसे खात्यावर घ्यावेत आणि नोंद ठेवावी. एका संस्थेकडून वर्षात ५० हजारांवर व्यावसायिक मानधन गेलं तर दहा टक्के कर (टीडीएस) कापून येतो, तो विवरणपत्रात परत मागता येतो. रॉयल्टीवर, पाठ्यपुस्तकं सोडून, जुन्या करप्रणालीत तीन लाखांपर्यंत वजावट आहे, नव्या प्रणालीत नाही. फुकट बोलायचं तर जरूर बोलावं, शाळेत, वाचनालयात, पण ते आपण ठरवून. संकोचानं फुकट बोलणाऱ्याला पुढच्या वर्षीही फुकटच बोलावतात.

निमंत्रण साठ मिनिटांचं असतं. सातचा कार्यक्रम पावणेआठला सुरू होतो. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक. मग सत्कार. एकेकाला दीड मिनिट धरलं तरी अकरा सत्कारांना सोळा-सतरा मिनिटं गेली. तेवढ्यात ‘साहेबांना पुढं एका लग्नाला जायचंय’ म्हणून कुणीतरी आधी बोलून घेतो. दहाला ध्वनिक्षेपक कायद्यानं बंद. शिवाय नऊनंतर बायका उठू लागतात, घरची जेवणं राहिलेली असतात. तुमच्या वाट्याला पस्तीस मिनिटं येतात, आणि साठ मिनिटांची तयारी केलेला वक्ता ती पस्तीस मिनिटांत कोंबतो. वेग वाढतो, श्वास तुटतो, शेवट गुंडाळला जातो.

यावर उपाय म्हणजे भाषण मालगाडीसारखं बांधायचं, डबे सुटे. साठ, चाळीस आणि वीस मिनिटांची तीन रूपं आधीच ठरलेली असावीत. कमी करायचं ते दुसरं उदाहरण, सनावळी आणि आकडे. मुख्य गोष्ट आणि शेवट याला हात लावायचा नाही. कीर्तनकारांनी हे कधीच सोडवून ठेवलंय. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, मध्ये भजन, मग उत्तररंगात आख्यान. पूर्वरंग चालू असताना लोक येत राहतात, चपला काढतात, जागा धरतात. त्या वेळी गोष्ट खर्ची घालायची नसते. गोष्ट उत्तररंगात, सगळे स्थिर झाल्यावर. आपल्याकडचे तरुण वक्ते उलट करतात. सर्वात दमदार किस्सा पहिल्या दोन मिनिटांत, कारण मोबाईलवरच्या रीलनं तशी सवय लावली आहे. सभागृहात माणूस बोटानं पुढं सरकवत नाही. तो बसलेला असतो. त्याला थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

बोलीचाही विचार इथं करावा लागतो. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. शेतकऱ्याच्या भाषेत शेतकऱ्याशी बोलण्यासाठी त्यांची भाषणं ओळखली जात. तेव्हा सांगली निराळा जिल्हाच नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळं कृष्णाकाठची बोली दोन्हीकडं चालते, पण जत-आटपाडीकडं गेलं की विनोद बदलतो, आणि दुष्काळी भागात उसाचे दाखले देणारा वक्ता परका वाटतो. बोली उसनी आणू नये, एवढंच. शहरात वाढलेल्या माणसानं मुद्दाम ‘लई भारी’ म्हटलं की पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं एकमेकांकडं बघतात. गाडगेबाबांच्या कीर्तनातून घेण्यासारखी गोष्ट बोलीपेक्षा वेगळी आहे: ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर आल्याशिवाय पुढं जात नसत. उत्तराची वाट बघणं, ते दोन-तीन सेकंद गप्प राहणं, हे नवशिक्याला सर्वात अवघड जातं.

तयारीचं माप असं धरावं. सभेत मराठी मिनिटाला एकशे दहा-पंधरा शब्दांच्या वेगानं नीट पोचते, म्हणजे चाळीस मिनिटांत साडेचार हजार शब्द. ते सगळे लिहून पाठ करू नयेत, एक शब्द निसटला की पुढची ओळच सापडत नाही. पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन एवढीच पाठ, मधल्यासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सात-आठ शब्द. कागद, मोबाईल नव्हे. मोबाईलवर ऐन वेळी घरचा फोन येतो.

ध्वनीची व्यवस्था मंडपवाल्याची. माईकच्या मागं स्पीकरचा बॉक्स ठेवला असेल तर शिट्टी वाजणारच. बॉक्स वक्त्याच्या पुढं आणि श्रोत्यांकडं तोंड करून हवेत. आवाज कमी करायला सांगण्याआधी बॉक्स सरकवायला सांगावं. माईक तोंडापासून वीतभर, थोडा तिरका. अगदी समोर धरला की प, फ, भ फुटतात. पत्र्याच्या मंगल कार्यालयात आवाज घुमतो, तिथं मोठ्यानं बोलून उपयोग नाही, सावकाश आणि छोट्या वाक्यांत बोलावं लागतं. शाळेच्या मैदानात मुलं उन्हात सतरंजीवर बसलेली असतील तर वीस मिनिटांत थांबावं, मग सरांनी कितीही आग्रह केला तरी. आणि एक: भाषणाआधी समोर येणारा कंदी पेढा नाकारणं साताऱ्यात उद्धटपणा समजतात, पण खवा घशाला चिकटतो. सांगलीचं भडंग त्याहून वाईट, शेंगदाण्याचा कण अडकला की पाच मिनिटं खोकला. ‘नंतर घेतो’ म्हणून कागदात बांधून घ्यावं. कोमट पाणी मागावं.

भाषण रेकॉर्ड करून टंकून घेतलं की पुस्तक तयार, असा एक समज आहे. इथंच बहुतेक पुस्तकं बिघडतात. हिशेब करून बघा. डेमीच्या पानावर मराठीचे पावणेतीनशेच्या आसपास शब्द बसतात, छपाईचा फॉर्म सोळा पानांचा. साडेचार हजार शब्द म्हणजे एक फॉर्म. दहा भाषणं, दहा फॉर्म, १६० पानं, पुस्तक झालं! प्रत्यक्षात बोलण्यातली पुनरुक्ती, ‘बघा’, ‘मला सांगा’, टाळीसाठीची वाक्यं, तेच किस्से काढून टाकले की त्या फॉर्मातून पाच-सहा पानं टिकतात. टाळी मिळालेलं वाक्य कागदावर बहुधा पोकळ निघतं. तिथं आवाजानं काम केलेलं असतं, शब्दांनी नाही. उलट जिथं सभा शांत होऊन ऐकत होती, त्या जागा लिहिताना फुलतात. म्हणून रेकॉर्डिंग ऐकताना टाळ्या मोजू नयेत, खोकणं कुठं थांबलं ते टिपावं.

मजकूर तयार झाला की पुढचं काम रुक्ष आहे, पण चुका तिथंच होतात. एका पानाचा गोषवारा, दोन प्रकरणं आणि एकूण शब्दसंख्या प्रकाशकाला पाठवावी, तीन ते सहा महिने थांबावं. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघावी. १९६० साली स्थापन झालेल्या या मंडळाचे पहिले अध्यक्ष वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, म्हणजे ही संस्था आपल्याला तशी लांबची नाही. जुनं टंकन श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलताना रफार सरकतो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, ‘पुऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ वाचवत नाहीत. हे शब्द शोधून तपासावेत, नुसतं वाचून सापडत नाहीत. तीन प्रुफं तरी हवीत, आणि तिसरं लेखकानं न वाचता दुसऱ्यानं वाचावं, कारण लेखकाला छापलेलं दिसत नाही, लिहिलेलं दिसतं.

स्वतःच्या पैशानं पुस्तक काढायचं तर चार गोष्टी लेखी घ्याव्यात. किती प्रती छापल्या त्याचं मुद्रकाचं बिल, कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती जाड (७० च्या खाली नको, मागची अक्षरं दिसतात), आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक कुणाच्या नावावर, आणि मांडणीची खुली फाइल कुणाची. आयएसबीएनला पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावं. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो मोफत मिळतो. तीनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई, वर गेल्यास ऑफसेट स्वस्त पडतं. प्रकाशकाशी करार असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली एक सोय ध्यानात असू द्यावी: करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात. पण ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ असेल तर ही सोय गेली. ऑडिओ, ई-बुक, अनुवाद हे तीन शब्द करारात वेगवेगळे शोधावेत. वक्त्यासाठी ऑडिओ हा छापील पुस्तकाइतकाच मोलाचा हक्क आहे, आणि तोच सर्वात आधी देऊन टाकला जातो.

प्रकाशन समारंभासाठी संमेलनाचा मोह होतो. सांगलीत २००८ साली, साताऱ्यात २०२६ च्या जानेवारीत ९९ वं अखिल भारतीय संमेलन झालं. पण अशा गर्दीत रांगेनं होणाऱ्या प्रकाशनांत एखादं पुस्तक कुणाच्या लक्षात राहत नाही. संमेलनाला ऐकायला जावं. संक्रांतीला औदुंबरला कृष्णाकाठी भरणारं संमेलन तर नव्या माणसाला जवळून ऐकायला फार सोयीचं. प्रकाशन मात्र आपल्या गावच्या वाचनालयात करावं, शंभर ओळखीच्या माणसांत. त्यातल्या चाळीस जणांनी प्रत घेतली तरी पुस्तक चाळीस घरांत गेलं.

प्रती ठेवायच्या कुठं, हा सांगलीकरांसाठी गमतीचा प्रश्न नाही. १६० पानांच्या ५०० प्रतींचं वजन शंभरेक किलो भरतं, म्हणून लोक गठ्ठे तळमजल्यावर ठेवतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पुराची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. भिजलेलं पुस्तक वाळवून विकता येत नाही, पानं एकमेकांना धरतात. वरच्या मजल्यावर, भिंतीपासून चार बोटं सोडून, लाकडी फळीवर गठ्ठे ठेवावेत आणि तळाशी कडुलिंबाचा पाला टाकावा.

आता निडव्याकडं. भाषण मोडायची वेळ आली हे कसं ओळखावं? बोलताना मनात दुसरंच काहीतरी चालू असतं, तरी वाक्यं बिनचूक येतात. प्रश्नोत्तरांत नवा प्रश्न येत नाही. आयोजक विषय सांगत नाहीत, ‘तुमचं ते नेहमीचंच’ म्हणतात. यातली दोन लक्षणं दिसली की त्या हंगामानंतर ते भाषण बंद करावं, मागणी असताना. मागणी संपल्यावर बंद करणं हे बंद करणं नव्हे. नव्या विषयाला नांगरट लागते, म्हणजे पाच-सहा महिन्यांचं वाचन, चार जाणत्या माणसांना भेटणं, जिथं घडलं ती जागा पाहणं. त्या काळात उत्पन्न पडतं, म्हणून दर मानधनातला पाचवा हिस्सा बाजूला टाकलेला असावा.

नवं भाषण पहिल्यांदा मोठ्या व्याख्यानमालेत नेऊ नये. मंगळवार-बुधवारसारखा आडवार बघून एखाद्या लहान वाचनालयात, वीस-पंचवीस माणसांसमोर, माईकशिवाय बोलावं. तिथं अडखळलेलं परवडतं. मोबाईल रेकॉर्डिंगवर टाकून टेबलावर उपडा ठेवावा. आणि त्या रात्री तो ऐकू नये. दोन दिवस जाऊ द्यावेत, मग वही घेऊन बसावं.